आधी कॅसेट, मग सीडी, शेवटी सबस्क्रिप्शन

घरातल्या संगीताबद्दल वाचकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते बहुधा खरेदीपासून सुरू होतात. डॅक कोणता घ्यावा? स्ट्रीमर घ्यावा की लॅपटॉपच जोडावा? ॲपल म्युझिक चांगले की स्पॉटिफाय? चार प्रश्नोत्तरे झाली की खरी अडचण कळते. कपाटात शे-दोनशे सीडी आहेत, माळ्यावर कॅसेटची पेटी आहे, जुन्या कॉम्प्युटरवर एमपी-३चे फोल्डर आहेत आणि दिवाणखान्यात अजून उत्तम चालणारा ॲम्प्लिफायर आहे. हे सगळे एकत्र कसे आणायचे, हे समजत नसते.

माझा सल्ला खरेदीच्या क्रमाला उलटा आहे. जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते आधी वाचवा. जे विकत घेऊन ठेवले आहे ते त्यानंतर उतरवा. जे महिन्याच्या भाड्याने मिळते त्याचा विचार शेवटी करा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, या क्रमाला आणखी एक कारण आहे. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी, गावोगावच्या गायन पार्ट्यांची भीमगीते, खुलताबादच्या उरुसातल्या कव्वाल्या, कीर्तने, भारुडे हे सगळे इथल्या घरांत मुख्यतः कॅसेटवरून आले. त्यातले सगळे काही पुढे सीडीवर किंवा ॲपवर आले असे नाही. तुमच्या पेटीतली एखादी कॅसेट ही त्या गाण्याची शेवटची चांगली प्रत असू शकते, आणि चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते.

लॉसलेस कशासाठी, किती

सीडीवर प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक चॅनेलसाठी, आवाजाचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. दोन चॅनेल मिळून हा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा होतो, म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. फ्लॅक ही २००१पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेली पद्धत हाच मजकूर निम्म्या ते दोनतृतीयांश जागेत बसवते आणि वाजवताना बिटन् बिट परत देते, म्हणून तिला लॉसलेस म्हणतात. ॲपलची अलॅक ही पद्धतही तेच काम करते. एमपी-३ मात्र कानाला जाणवणार नाही असे वाटणारा भाग कायमचा टाकून देते. तिची कमाल मर्यादा ३२० किलोबिट आहे.

निर्णयासाठी यापुढे एवढेच लक्षात ठेवा:

- साठवण फ्लॅकमध्ये करा. घरात सगळी उपकरणे ॲपलचीच असतील तर अलॅक घ्या. एकातून दुसऱ्यात कधीही जाता येते, काही गळत नाही.
- वेव्ह फाइल आवाजाला उत्तम असते, पण दीडपट-दुप्पट जागा खाते आणि तिच्यात गायक-गीतकारांची माहिती भरवशाने टिकत नाही.
- एमपी-३चे फ्लॅक केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फाइल फक्त फुगते. जुने एमपी-३ आहेत तसेच राहू द्या आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.
- गाडी आणि मोबाइलसाठी फ्लॅकवरून एमपी-३ किंवा एएसी प्रत काढा. ती हरवली तरी दुसरी काढता येते.
- २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे मोठे आकडे पाहून पैसे मोजू नका. घरी ऐकायला सीडीचा दर्जा पुरेसा आहे. २४ बिटचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो, तो पुढे येईल.

चांगल्या रीतीने केलेली ३२० किलोबिटची एमपी-३ आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना बहुतेक गाण्यांत ओळखता येत नाही. फूबार-२००० या मोफत प्रोग्रॅममध्ये एबीएक्स चाचणीची सोय जोडता येते. कोणती फाइल वाजते आहे हे न पाहता तुम्ही स्वतःच पडताळा. असे असूनही मी लॉसलेसचा आग्रह धरतो, तो साठवणीसाठी. एमपी-३वरून नव्या पद्धतीत प्रत काढली की प्रत्येक वेळी थोडे आणखी गळते. फ्लॅकवरून कितीही प्रती काढा, मूळ तसेच राहते. हे काम दहा वर्षांनी पुन्हा करावे लागू नये, यासाठी ते लॉसलेस करायचे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी दुसरेही कारण आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत, किंवा आलाप, जोड, झाला हे वेगळे ट्रॅक असतात, पण गाणे मध्ये थांबत नाही. एमपी-३मध्ये ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता भरली जाते आणि पुष्कळ उपकरणांवर ती समेच्या आधी खटकते. फ्लॅकमध्ये ही फट मुळातच नसते. फक्त प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना, ते पाहा.

पहिले काम: कॅसेट

हे काम वेळखाऊ आहे, कारण साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटे लागतातच. म्हणून निवड करा. कंपनीने काढलेली आणि आज सगळीकडे ऐकायला मिळणारी कॅसेट बाजूला ठेवा. घरात कुणीतरी स्वतः मुद्रित केलेली, स्थानिक गायकाची, छोट्या कंपनीची, रेडिओवरून घेतलेली अशा कॅसेट आधी घ्या. आजीच्या ओव्या किंवा आजोबांचे कीर्तन असेल तर तिथूनच सुरुवात करा.

डेक चांगला हवा. यूएसबीला थेट जोडायचे स्वस्त वॉकमनसारखे कन्व्हर्टर मिळतात. त्यांत फितीचा वेग स्थिर राहत नाही, तानपुरा डुगडुगतो. घरातला किंवा ओळखीच्यांकडचा पूर्ण आकाराचा कॅसेट डेक आणा. बरीच वर्षे बंद असेल तर त्याचा बेल्ट सैल पडलेला किंवा वितळून चिकटलेला असतो. तो बदलून घेतल्याशिवाय महत्त्वाची कॅसेट आत घालू नका.

मग या क्रमाने जा:

१. हेड, कॅपस्टन आणि रबरी पिंच रोलर स्वच्छ करा. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरा. रबरावर अल्कोहोल फार चोळू नका, ओलसर कापड पुरते.

२. कॅसेट नीट पाहा. फितीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर आणि तिथून दुसऱ्या कॅसेटवर जाते. फितीमागची छोटी दाबपट्टी गळून गेलेली असेल तर स्क्रूची कॅसेट उघडून फीत दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवता येते.

३. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिलेली फीत मोकळी होते.

४. हेडचा कोन जुळवा. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनो करून ऐकत तो अगदी हलका फिरवा. टाळ, झांज आणि ‘स’चे उच्चार जिथे सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. जुन्या घरगुती कॅसेटचा आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो, त्याचे कारण पुष्कळदा फीत नसते, हा कोन असतो. दहा मिनिटांच्या या कामाने जेवढा फरक पडतो तेवढा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. म्हणून ते टाळू नका.

५. डॉल्बीचे बटण बंद ठेवा. कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल आणि मुद्रण तसे केलेले असेल तरच चालू करा.

६. डेकच्या ‘लाइन आउट’मधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या ‘लाइन इन’मध्ये जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडू नका. तिथे बहुधा एकच चॅनेल जातो आणि तोही फाटतो.

७. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण करा. सर्वांत मोठ्या आवाजाला काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. २४ बिटमुळे पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही. वर आदळली तर मात्र आवाज कायमचा चिरतो.

८. एका बाजूची एक फाइल, अशी पूर्ण आणि कच्ची फ्लॅक प्रत जपा. खरखर काढायची असेल, गाणी वेगळी करायची असतील, तर दुसऱ्या प्रतीवर करा.

शेवटच्या मुद्द्याबाबत मी ठाम आहे. खरखर काढणारे प्रोग्रॅम तानपुऱ्याची गुंज, ढोलकीच्या चाटीची कडा आणि श्रोत्यांची दाद यांनाही खरखर समजतात. पुढे याहून चांगली साधने येतील, तेव्हा कच्ची प्रत हाताशी असली पाहिजे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची अशी प्रत साधारण एक जीबीची होते. एवढी जागा तिला द्या.

आणि आतल्या कागदाचा, कॅसेटवरच्या हस्ताक्षराचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पेटी, ढोलकी, कोरस कुणाचा होता ही नावे अनेकदा त्या बारीक अक्षरांतच उरलेली असतात. कॅसेट कुणी, कुठे, कोणत्या प्रसंगी भरली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून लिहून घ्या.

मग सीडी

सगळ्यात आधी घरी ‘राइट’ केलेल्या सीडी घ्या. त्यांत रंगद्रव्याचा थर असतो. उन्हाने आणि उष्णतेने तो उतरतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि वीसेक वर्षे लोखंडी कपाटात राहिलेली राइट केलेली सीडी आज वाचली जाते म्हणून पुढच्या वर्षीही वाचली जाईल असे नाही. कंपनीच्या छापील सीडी बऱ्याच टिकाऊ असतात.

सीडी नेमकी कोणती आहे तेही पाहा. आपल्या बाजारात तीन प्रकार एकाच आकारात विकले गेले:

- ऑडिओ सीडी: साधारण ७४ ते ८० मिनिटांपर्यंतची. हिचेच लॉसलेस होते.
- एमपी-३ सीडी: ‘५० भक्तिगीते’, ‘१०० लावण्या’ असे लिहिलेली. आत एमपी-३ फाइली असतात. त्या जशाच्या तशा कॉपी करा, फ्लॅक करू नका.
- व्हीसीडी: भीमगीते, कव्वाल्या, जलसे यांच्या पुष्कळ आल्या. हिचा आवाज मुळातच २२४ किलोबिटचा, दाबलेला असतो. आतली मोठी डॅट फाइल आहे तशी जपा. तिच्यातले चित्रही मोलाचे आहे.

ऑडिओ सीडीसाठी विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकवर ‘एक्सएलडी’ हे मोफत प्रोग्रॅम आहेत. ते शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतात आणि ‘ॲक्युरेटरिप’ या जगभरच्या नोंदसाठ्याशी तुमची प्रत ताडून पाहतात. मराठी सीडी त्या साठ्यात न सापडण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी घाबरू नका. ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय निवडा. प्रोग्रॅम ट्रॅक दोनदा वाचतो. दोन्ही वेळचा सीआरसी आकडा जुळला तर प्रत बिनचूक आहे असे समजा.

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा डीव्हीडी रायटर घ्या, साधा चालतो. चरे पडलेली सीडी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. टूथपेस्टचा उपाय करू नका.

कुणी पेनड्राइव्हवर ‘पाच हजार फ्लॅक’ भरून देत असेल तर सावध राहा. पुष्कळदा त्या एमपी-३वरून फुगवलेल्या असतात. स्पेक नावाचा छोटा प्रोग्रॅम आवाजाचे चित्र दाखवतो. १६ किलोहर्ट्झच्या रेषेवर सगळे सुरीने कापल्यासारखे दिसले तर मूळ कमी दर्जाची एमपी-३ होती. पण बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ आरपीएम तबकड्यांना हा नियम लावू नका. त्यांत वरच्या पट्टीचा आवाज मुळातच फारसा नोंदला गेलेला नाही.

नावे नीट द्या

हा भाग लोक टाळतात आणि वर्षभराने हजार फाइलींत एक गाणे शोधत बसतात. इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या नावांवर मराठी संगीतापुरते विसंबू नका. एका सीडीवर ‘सुधीर फडके’, दुसरीवर ‘बाबूजी’, तिसरीवर रोमन लिपीतले वेगळेच स्पेलिंग आले की प्लेअरला ते तीन गायक वाटतात.

गीतरामायणाचे उदाहरण घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५पासून आठवड्याला एक, अशी ५६ गीते झाली. ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढे फडक्यांनी स्वतःच्या आवाजात सगळी गाऊन ध्वनिमुद्रित केली. दोन्ही तुमच्याकडे असतील तर अल्बमच्या नावातच फरक करा, नाहीतर एकाच गीताच्या दोन प्रती समजून तुम्ही एक उडवाल. क्रमांक ०१ ते ५६ असे दोन आकडी द्या, म्हणजे दहावे गीत पहिल्याच्या मागोमाग येणार नाही.

- फाइलीचे नाव रोमन लिपीत, आतले टॅग देवनागरीत ठेवा. गाडीतले आणि जुने प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. टॅग देवनागरीत असले की मोबाइलवर शोधणे सोपे जाते.
- ‘कंपोजर’ या रकान्यात संगीतकार आणि ‘लिरिसिस्ट’मध्ये गीतकार लिहा. मराठी भावगीत शोधताना आपण अर्ध्या वेळा कवीचे नाव घेतो.
- शास्त्रीय संगीतात ट्रॅकच्या नावातच राग, बंदिश, ताल लिहा.
- भरपूर फाइलींना एकदम टॅग लावायला ‘एमपी-३टॅग’ हा प्रोग्रॅम पुरतो. नाव तसे असले तरी तो फ्लॅकवरही चालतो.

ठेवायचे कुठे

तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३५० ते ४०० एमबी घेते. तीनशे सीडींना सव्वाशे जीबीच्या आत जागा लागते. एक टीबीच्या डिस्कमध्ये अडीच हजारांच्या आसपास सीडी मावतात. म्हणजे जागा ही अडचण नाही. अडचण एकाच डिस्कवर विसंबण्याची आहे.

तीन प्रती हव्यात: एक रोज वाजणारी, दुसरी कपाटात बंद, तिसरी घराबाहेर, म्हणजे भावाकडे, लेकीकडे, दुसऱ्या शहरात. तिसरी शक्य नसेल तर निदान कॅसेटवरून उतरवलेले दुर्मीळ संगीत क्लाउडवर ठेवा. गुगल खात्यात १५ जीबी मोफत मिळतात. त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून वेगळे खाते उघडा. कपाटातली प्रत एसएसडीवर ठेवू नका. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या एसएसडीतला मजकूर पुसट होऊ शकतो. तिथे साधी हार्डडिस्क घ्या आणि वर्षातून एकदा जोडून तपासा. फ्लॅक फाइलीच्या आत मूळ आवाजाची खूणगाठ साठवलेली असते. फूबार-२०००मधली ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ ती ताडून कोणती फाइल बिघडली ते सांगते.

डिस्क ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात राउटर आणि छोटे कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होतात. त्याच वेळी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते बिघडते. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असेल तर तो चालू करा, नसेल तर या दोन उपकरणांपुरता छोटा यूपीएस लावा.

स्टीरिओला जोडायचे कसे

जुना ॲम्प्लिफायर काढून टाकू नका. सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज, फिलिप्स, सोनी, कोणताही असो, मागे सीडी, ऑक्स, ट्यूनर किंवा टेप असे लिहिलेले एक जरी इनपुट मोकळे असेल तरी काम होते. ही सगळी इनपुट सारखीच आहेत, नावे वेगळी. फक्त ‘फोनो’मध्ये जोडू नका. ते तबकडीच्या पिनसाठी असते, आवाज फाटून येईल.

गेल्या पंधरा वर्षांतला एव्ही रिसीव्हर, ब्लू-रे प्लेअर किंवा नेटवर्क प्लेअर असेल तर आधी त्याची माहितीपुस्तिका उघडा. त्यातले पुष्कळ यूएसबीवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून फ्लॅक वाजवतात. तुम्हाला कदाचित काहीच विकत घ्यावे लागणार नाही.

घ्यायचेच असेल तर पर्याय असे:

मोबाइल किंवा लॅपटॉप आणि छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचा ॲम्प्लिफायरला चालणारा आवाज करून देणारे उपकरण. सर्वांत स्वस्त आणि सुरुवातीला सर्वांत योग्य. डॅकमधून ऑक्सपर्यंत एक वायर. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरून करा.

नेटवर्क स्ट्रीमर. वायफायवरून किंवा वायरने गाणे घेणारी छोटी पेटी, मोबाइलवरून चालते. घेताना विचारा: फ्लॅक गॅपलेस वाजते का, घरच्या डिस्कवरचे संगीत डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, दिसते का, देवनागरी नीट दिसते का. दुकानात स्वतःच्या पेनड्राइव्हवरचा एक अल्बम लावून पाहा.

रास्पबेरी पाय. हाताने काही करायची आवड असेल तर हा माझ्या मते सर्वांत समाधानाचा मार्ग आहे. तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर बसणारा डॅकचा बोर्ड, मागे हार्डडिस्क, आणि मूड, व्हॉल्युमिओ किंवा लिरिऑन यांपैकी एक मोफत प्रणाली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सोबत घ्या, एका रविवारी होते. बंद करताना मात्र ॲपमधून ‘शटडाउन’ द्या, थेट प्लग ओढू नका.

ब्लूटूथ लॉसलेस नाही. नेहमीचे एसबीसी आणि एएसी दोन्ही आवाज दाबतात. एलडॅकही जास्तीत जास्त ९९० किलोबिटपर्यंत जाते, तेही मोबाइल आणि रिसीव्हर दोन्हींत ती सोय असेल तरच. काही निवडक उपकरणांत ॲप्टएक्स लॉसलेस नावाची वेगळी सोय आली आहे, पण घरातल्या जुन्या रिसीव्हरवर ती नसते. पाहुण्यांनी मोबाइलवरचे गाणे लावायला ब्लूटूथ ठेवा. बसून ऐकायचे असेल तेव्हा वायर किंवा वायफाय.

सीडी दर्जाच्या फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटच्या आतबाहेर वेग लागतो. कोणतेही ब्रॉडबँड तो देते. गाणे अडखळत असेल तर दोष बहुधा भिंतींचा असतो. जुन्या शहरातल्या दगडी, दीड-दोन फुटी भिंतींतून वायफाय जात नाही. तिथे राउटर बदलण्याआधी स्ट्रीमरपर्यंत लॅन केबल टाकून पाहा.

हजारो रुपयांच्या केबलवर, सोन्याच्या पाण्याच्या पिनांवर खर्च करू नका. त्याच पैशांत चांगले स्पीकर मिळतात. आहेत ते स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले, कानाच्या उंचीवर आणले आणि समोर सतरंजी टाकली, तरी फरशीच्या खोलीत घुमणारा आवाज लगेच आवरतो.

सबस्क्रिप्शन: भाड्याचे घर

- ॲपल म्युझिक २०२१पासून जादा पैसे न घेता लॉसलेस देते. सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागते. मोबाइल डेटावर बंद ठेवा, कारण तीन मिनिटांचे लॉसलेस गाणे ३६ एमबीपर्यंत जाते.
- स्पॉटिफायने २०२५मध्ये लॉसलेस सुरू केले, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत. ते सगळ्या योजनांत असेल असे गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी योजनेच्या वर्णनात ‘लॉसलेस’ हा शब्द शोधा.
- जिओसावनची कमाल ३२० किलोबिट. यूट्यूब म्युझिक २५६ किलोबिट. ऐकायला ठीक, साठवायला नाही.
- मालकीने विकत घ्यायचे असेल तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकाराचा अल्बम फ्लॅकमध्ये डाउनलोड होतो आणि तुमच्याकडेच राहतो.

सबस्क्रिप्शनमधले ‘डाउनलोड’ तुमचे नसते. वर्गणी थांबली की ते वाजत नाही. कंपनी आणि ॲप यांच्यातला करार संपला की चालू वर्गणीतही एखादा अल्बम रातोरात नाहीसा होतो. नवे ऐकायला, शोधायला सबस्क्रिप्शन जरूर घ्या. जे आयुष्यभर लागणार आहे ते सीडीवरून किंवा विकत घेऊन स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

तुमचे हक्क आणि मर्यादा

स्वतःच्या मालकीच्या सीडी-कॅसेटवरून स्वतःला ऐकण्यासाठी प्रत काढणे कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२(१)(क)मधल्या खासगी वापराच्या सवलतीत बसते. प्रत काढून सीडी विकून टाकली, डिस्क भाड्याने दिली किंवा इंटरनेटवर टाकली तर ही सवलत राहत नाही. हक्कभंगाच्या हेतूने ॲपमधल्या गाण्याचे डिजिटल कुलूप तोडणे हा कलम ६५-अ खाली गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘जुने आहे, म्हणजे मोफत आहे’ हा समज अर्धाच खरा आहे. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असते. म्हणून १९६५ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. गीतरामायणाचे कवी ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२पर्यंत. वामनदादा २००४मध्ये गेले, त्यांच्या रचनांवरचा २०६४पर्यंत.

दुकान, हॉटेल, हॉलमध्ये वाजवायला परवाना लागतो, फाइल तुमच्या मालकीची असली तरी. खऱ्या धार्मिक विधीला आणि लग्नाशी निगडित समारंभाला कलम ५२(१)मध्ये सूट आहे.

खरेदीत फसलात तर बिल, पेटीवरची माहिती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. ‘लॉसलेस ब्लूटूथ’ म्हणून विकलेले उपकरण तसे नसेल तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वर्गणी खात्यातून आपोआप कापली जात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि तो आदेश रद्द करण्याची सोय तुम्हाला असायला हवी.

खासगी बैठकीच्या ध्वनिमुद्रणांबाबत जास्त काळजी घ्या. शहरातल्या काही घरांत पं. नाथराव नेरळकरांसारख्या गायकांच्या बैठका कॅसेटवर असतील. त्या उतरवून जपणे हे मोठे काम आहे. पण सादर करणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क कायद्याने ५० वर्षांचा आहे. यूट्यूबवर टाकण्याआधी कलाकाराची, ते हयात नसतील तर वारसांची लेखी परवानगी घ्या. परवानगी मागायला जाताना बैठकीची तारीख, ठिकाण, साथीदारांची नावे आणि मुद्रण कुणी केले, ही नोंद आणि फ्लॅकची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जा. अनेकदा त्या घरच्यांकडेच ते गाणे नसते.